शंभर बाय शंभरचा महिपत

लांज्याच्या बाहेर, हायवेला लागून, काजूचा एक कारखाना आहे. तिथल्या निवडीच्या टेबलावर मनस्वी नऊ वर्षं बसते आहे. समोर गरांचा ढीग ओततात आणि तिने तो नजरेने फोडायचा: अख्खा पांढरा इकडे, पिवळसर तिकडे, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, आणि डागी तर हातात येण्याआधीच बाजूला. शेजारच्या बाया दिवसभर गप्पा मारत हात चालवतात. मनस्वीही मारते, पण तिचा हात चुकलेला कोणी पाहिलेला नाही. सुपरवायझर नव्या पोरींना तिच्याकडे धाडतो आणि सांगतो, हिच्या हाताकडे नको, डोळ्यांकडे बघा. पोरी बघतात आणि त्यांना काहीही कळत नाही.

हे झालं पोटापुरतं. दुसरं ती जे करते त्याला काय म्हणायचं, यावर तिच्या आईचं आणि तिचं अजून एकमत झालेलं नाही. आई त्याला बटणं म्हणते. मनस्वी टीव्हीवरच्या मालिकेचं दृश्य फोनवर थांबवते, त्याचा स्क्रीनशॉट घेते, त्यातला एक चेहरा कापून काढते, तो रंगवते आणि शंभर बाय शंभर ठिपक्यांच्या चौकोनात बसवते. हा झाला आयकॉन. मालिकेचे चाहते इंटरनेटवर तो आपल्या नावाशेजारी लावतात. पुण्यातल्या, नागपुरातल्या, अगदी दुबईतल्या बायका मनस्वीने रंगवलेले चेहरे लावून एकमेकींशी भांडतात, आणि 'काजूपाकळी' या टोपणनावाने ते रंगवणारीचं खरं नाव त्यातल्या एकीलाही माहीत नाही. आई विचारते, निदान ताटलीएवढं तरी काढ, भिंतीवर लावता येईल. इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षेत पोरीला 'अ' श्रेणी मिळाली होती, ती काय ह्यासाठी? मनस्वी हसते आणि फोन उन्हाच्या बाजूला तिरका धरून रंग बघते.

मालिकेचं नाव 'ओल्या हळदीचं अंगण'. ज्यांना हसू येत असेल त्यांनी खुशाल हसावं. पाच वर्षं चाललेली मालिका आहे, आणि संध्याकाळी साडेसातला त्या भागातल्या निम्म्या घरांतली भाजी तिच्यापायी करपते. नायिका इरा, तिचा नवरा, तिची खाष्ट सासू, हे सगळे ठरलेले. मनस्वीला त्यांचं फारसं नाही. तिचा जीव थोरल्या जावेवर. कुमुद तिचं नाव. ही बाई पाच वर्षं सगळ्यांच्या मागे ट्रे घेऊन उभी आहे आणि आठवड्याला तिला फार तर तीन वाक्यं मिळतात. पण पुढे कोणीतरी रडत असताना मागे कुमुदच्या चेहऱ्यावर काय काय चाललेलं असतं, ते मनस्वीने टिपून टिपून लोकांना दाखवलं. आता कुमुदचे चाहते इराच्या चाहत्यांना भारी पडतात. मागे उभ्या असलेल्या माणसांकडे बघायची खोड मनस्वीला मूळचीच आहे, आणि ती चांगली खोड आहे असं माझं तरी मत आहे.

कामाची तिची रीत अशी. वाहिनी मालिकेचे तुकडे यूट्यूबवर टाकते. तिथे थांबत थांबत पुढे जायचं आणि चेहरा बोलायला लागण्याच्या जरा आधीचा क्षण धरायचा. मालिका असते पिवळीधमक, सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी. मग त्यावर पातळ निळा हात द्यायचा, सावल्या थोड्या उचलायच्या, गालाला हलका गुलाबी, आणि डाग असेल तो पुसायचा. डोळे मिटलेले आले असतील तर पुढच्या दृश्यातले उघडे डोळे आणून बसवायचे. केसांची बट तुटली असेल तर हाताने ओढायची. यात फसवणूक कोणी मानत नाही. उलट असं उसनं आणलेलं जितकं बेमालूम, तितकी वाहवा मोठी. मनस्वीचं उसनं कोणालाही ओळखता आलेलं नाही, याचा तिला आतून फार अभिमान होता. तो तिने कधी बोलून दाखवला नाही एवढंच.

आता काशीकाकी. कारखान्यात सोलणीच्या बायांत ती सगळ्यांत जुनी. नवऱ्याचं नाव महिपत. तो मुंबईत लालबागला एका खानावळीत होता. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, घरी यायचा. बारा वर्षांपूर्वी शिमगा आटोपून तो लांज्याहून एसटीत बसला, मुंबईला पोचला, आठवडाभर त्याचा फोन येत राहिला आणि मग बंद झाला. खानावळीचा मालक म्हणाला, एका सकाळी उठून गेला, पेटी इथेच आहे. थोरला भाऊ रावजी मुंबईला जाऊन आला. पोलिसांत तक्रार झाली. त्यानंतर गावात बातम्याच बातम्या: कोणी त्याला सुरतेला पाहिलं, कोणी दुसऱ्या बाईबरोबर पाहिलं, कोणी रुळांवरचं प्रेत पाहिलं. पाहणारे सगळे खात्रीचे आणि सगळे परस्परांना खोटे पाडणारे. काशीकाकीने कोणाशीच वाद घातला नाही. कपाळावरचं कुंकू ठेवलं आणि कामाला आली.

लोकांनी तेही चालवून घेतलं असतं. पण यंदा तिच्या मुलाचं, अजिंक्यचं, लग्न ठरलं, आणि लग्न म्हटलं की पत्रिका आली. पत्रिकेत नवऱ्यामुलाच्या बापाचं नाव घालायचं. नावापुढे एक तर 'श्री.' लागतं, नाही तर 'कै.' लागतं. तिसरं अक्षर छापखान्यात नसतं. रावजी म्हणत होता, माणूस नाहीसा झाला की बारा वर्षं वाट बघायची आणि मग पुतळा करून त्याची क्रिया उरकायची, ही आपल्यातली रीत आहे. बारा वर्षं भरली. लग्नाआधी क्रिया करू, 'कै.' घालू, पोराच्या डोक्यावरचं एक ओझं उतरेल. 'श्री.' घातलं तर मांडवात येणारा प्रत्येक पाहुणा विचारणार, कुठे आहेत मग ते? यात रावजीचं काही चुकत होतं असं म्हणता येणार नाही. काशीकाकी नुसती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, बघू. पत्रिका छापायला टाकायचा दिवस जवळ आला तरी तिचं बघून होत नव्हतं.

अशात एका बुधवारी मालिकेत इरा बाजारात गजरे घ्यायला गेली.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत काशीकाकी डबा न उघडता मनस्वीपाशी आली. हाताला सोलणीचा तांबूस भुगा तसाच होता. तिने मनस्वीला बाहेर, पाण्याच्या टाकीमागे नेलं आणि सांगितलं की काल इराच्या मागे हातगाडीच्या दांडीवर एक माणूस बसला होता. त्याने खांद्यावरचा पंचा काढला आणि तोंड पुसलं. आधी मान, मग कान, मग तोंड. अशा उलट्या क्रमाने पुसणारा माणूस तिने आयुष्यात एकच पाहिलेला आहे.

"तुज्या त्या फोनात बग, गो," ती म्हणाली. "त्येचा तोंड मोठा करून दे मना. सोमवारी पत्रिका जातेय. मी रावजीभावजींना काय सांगू?"

मनस्वीच्या मनात आलं की असे लाखभर लोक तोंड पुसत असतील. मालिकेच्या बाजारात जे बसलेले असतात ते रोजावर आणलेले असतात, त्यांना बस म्हटलं की बसतात आणि पूस म्हटलं की पुसतात. पण हेही तिच्या मनात आलं की मुंबईत खानावळ सोडलेल्या माणसाला असं काम मिळू शकतं. आणि काशीकाकीने बारा वर्षांत कोणाकडे काही मागितल्याचं तिला आठवेना. ती बघते म्हणाली.

तो माणूस तिला पहिल्या फेरीतच सापडला. इराच्या खांद्यामागे, दीड सेकंद. पण सापडला म्हणजे काय, तांदळाच्या दाण्याएवढा चेहरा, तोही उजवी बाजू कॅमेऱ्याकडे करून बसलेला, आणि सगळं धुरकट, कारण कॅमेऱ्याचं लक्ष इरावर. पुढच्या-मागच्या सगळ्या चौकटी तिने काढल्या. कुठे पंचा आडवा, कुठे इराचे झुमके आडवे. मोठा केला की चेहऱ्याचे नुसते तपकिरी चौकोन व्हायचे. कपाळ कुठे संपतं आणि केस कुठे सुरू होतात तेही कळेना. कुमुदच्या चेहऱ्याला जेवढे ठिपके मिळायचे त्यांचा विसावा हिस्साही इथे नव्हता.

शुक्रवारी तिने काशीकाकीला विचारलं, काका दिसायला कसे होते? घरात फोटो होता तो लग्नाचा, गटातला, आणि त्यावर बुरशीने महिपतला नेमकं मधोमध धरलेलं. मग काशीकाकी तोंडी सांगत बसली. नाक बसकं. गाल आत गेलेले. भुवईला खाच, कवळं, म्हणजे झाडाच्या डहाळ्या, तोडताना कोयती लागली होती त्याची, तिथे परत केस आले नाहीत. सांगताना ती हसली, हे मनस्वीने पाहिलं. काशीकाकीचं हसणं तिने कारखान्यात कधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी सुट्टी घेऊन मनस्वी घरच्या पडवीत बसली आणि तिने त्या माणसाला रंगवायला घेतलं. पिवळं काढलं, सावल्या उचलल्या. धुरकट कड जरा ओढून घेतली तर नाक निघालं. नाक बसकं निघालं, की तिने काढलं म्हणून निघालं, हे त्या वेळी तिने स्वतःला विचारलं नाही. गालाखाली सावली दिली. मग भुवई. भुवईचे चार ठिपके होते. त्यातला एक तिने पुसला आणि कातडीचा रंग भरला. खाच तयार झाली. हात इतका सवयीने गेला की मागाहून तिला तो क्षण नीट आठवेनाही. डोळे मिटलेले असले तर उघडे आणून बसवायचे, बट तुटली तर ओढायची, तसंच हे. चौकोन पुरा झाला तेव्हा त्यात एक माणूस होता, दमलेला, बाजारात बसलेला, आणि त्याचे डोळे आता बोलेल असे. आईने मागून डोकावून पाहिलं आणि पहिल्यांदाच बटण म्हणाली नाही. हा महिपतच, म्हणाली.

मनस्वीला अभिमान वाटला. तो लपवायचं कारण नाही, वाटला.

संध्याकाळी तिने तो आयकॉन काशीकाकीच्या फोनवर दिला. काशीकाकी अंगणातल्या दगडावर बसून बघत राहिली. शेवटी फोन पदरात गुंडाळला आणि मनस्वीच्या गालावरून हात फिरवून घरात गेली.

सोमवारी कारखान्यात पोचेपर्यंत बातमी मनस्वीच्या आधी पोचली होती. काशीने दिराला सांगितलं, 'श्री.' घालायचं. महिपत सापडला, टीव्हीत सापडला, मनस्वीने शोधून काढला. बायांनी काशीकाकीला घेरलं होतं आणि ती फोन एकेकीच्या हातात देत होती. ज्यांनी महिपतला पाहिलं होतं त्या म्हणत होत्या, अगदी तोच, ती बघ खाच. ज्यांनी पाहिलं नव्हतं त्याही म्हणत होत्या, अगदी तोच. खाच बघ, खाच बघ, असं सकाळभर चाललं. काशीकाकीने सगळ्यांना चिवडा वाटला. केसांत तिने अबोलीचा वळेसर माळला होता.

मनस्वी टेबलावर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या ढिगात डागी गर पांढऱ्यात गेला. सुपरवायझरने तो उचलून तिच्यासमोर धरला. ती मनाशी म्हणत होती, बाकी सगळं त्या माणसाचंच होतं, मी फक्त एक ठिपका पुसला. आणि लोक त्या एका ठिपक्याकडेच बोट दाखवत होते.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत रावजी फाटकावर आला. सत्तरीला टेकलेला माणूस, गुडघे गेलेले, आवाज कायमचा चढा. पत्रिका अजून छापायला सोडलेली नाही, दोन दिवस थांबवली आहे, असं त्याने आधी सांगून टाकलं. मग म्हणाला, शुक्रवारच्या गाडीने मुंबईला जातो आहे. ती मालिका जिथे बनते तिथे जाऊन दारात बसणार. भाऊ तिथे कामाला येत असेल तर कधीतरी बाहेर पडेलच. मनस्वी त्याच्या गुडघ्यांकडे बघत राहिली. रावजीने मान वळवली आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रककडे बघत पुढचं बोलला.

"तो मेला असता तर बरा होता. मेलेला मानूस घर टाकून जात न्हाय. जिता हाय आनि बारा वर्सां आला न्हाय, ह्ये मी कुनाला सांगू? तुज्या फोटोत तोच हाय ना, बाय? नक्की?"

मनस्वीने सांगितलं, मला उद्यापर्यंत वेळ द्या. रावजीला हे उत्तर विचित्र वाटलं असणार. पण तो आवाज न चढवता काठी टेकत निघून गेला, आणि त्यानेच मनस्वीला जास्त भीती वाटली. 'कै.' घालायचा हट्ट धरणारा हा म्हातारा कोरडा आहे असं ती आजवर समजत होती. भाऊ आपल्याला टाकून गेला, ह्यापेक्षा मेला हे त्याला सोसत होतं.

त्याच दुपारी तिने अर्धा दिवस टाकला आणि सडा, ते कातळाचं उघडं माळरान, ओलांडून काशीकाकीच्या वाडीकडे निघाली. काशीकाकी लग्नाच्या तयारीसाठी घरीच होती. एप्रिलचं ऊन, कातळ तापलेला, चपलेतून पायाला चटके बसत होते. वाटेत ती वाक्यं जुळवत होती. मी खोटं केलं असं म्हणायचं, की चूक झाली म्हणायचं? आमच्यात असं करतात, असं म्हणायचं? आमच्यात म्हणजे कोणात? दुबईतल्या आणि नागपुरातल्या ज्या बायकांनी तिचं नावही कधी विचारलं नव्हतं, त्यांच्या शाबासकीसाठी शिकलेला हात तिने ह्या बाईच्या कपाळावर चालवला होता. तिला स्वतःची शिसारी आली.

काशीकाकी मागीलदारी उडीद निवडत होती. मनस्वीने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. जुळवलेलं एकही वाक्य कामी आलं नाही. चेहरा दिसतच नव्हता काकी, नाक मी ओढलं, गाल मी आत घेतले, आणि ती खाच, तुम्ही सांगितलीत म्हणून मी केली, चित्रात ती नव्हतीच. हे बोलून ती थांबली आणि काशीकाकी सूप फेकून मारेल म्हणून वाट बघत राहिली. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

काशीकाकीने एक खडा शोधून बाहेर टाकला.

"बस," ती म्हणाली. "मना ता पयल्या नजरंतच कळला. त्येची खाच डाव्या भुवईला, गो. ह्या मानसाची उजवी बाजू दिसतेय. तू उजव्या भुवईला दिलंस."

मनस्वीने खाली बसून फोनवर तो चौकोन उघडला. दिसत होती तीच भुवई तिने कोरली होती. दुसरी बाजू असते हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग तुम्ही सगळ्यांना का दाखवलंत, 'श्री.' घालायला का सांगितलंत, असं तिने विचारलं.

काशीकाकीने उडीद सुपात गोळा केले, पुन्हा पसरले. मग सांगितलं. बारा वर्षं लोक तिला महिपत कुठे दिसला ते सांगत आले. तो कसा होता, असं एकानेही विचारलं नाही. शुक्रवारी मनस्वीने विचारलं. नाक कसं, गाल कसे, खाच कशाची. तिला स्वतःला वाटत होतं की आपण विसरलो. सांगायला बसली तर सगळं आठवलं.

"बारा वर्सांत त्येच्याकडं इतक्या बारीक कुनी बगितलान न्हाय," ती म्हणाली. "तीन दिवस तू बगितलंस. मग मीबी तीन दिवस घेतले. माजा घो मुंबयला हाय आनि कामाला जातोय, असं तीन दिवस मी जगलंय. वळेसर माळला. एवढाच. लबाडी तुजी न्हाय, माजी."

रावजी शुक्रवारी मुंबईला निघाला आहे, हे तिला माहीत नव्हतं. मनस्वीने ते सांगितलं, आणि मेला असता तर बरा होता हेही सांगितलं, तेव्हा मात्र काशीकाकीचा चेहरा पडला. ती उठली, सूप ठेवलं, पदर सारखा केला. दिराचं मन तिच्या लक्षातच आलं नव्हतं म्हणाली. निघताना दारात थांबून तिने मनस्वीला एक गोष्ट मागितली. रंगवायच्या आधीचा, तो धुरकट फोटो तेवढा पाठव. ते तपकिरी चौकोन, म्हणून मनस्वीने खात्री करून घेतली. तोच, काशीकाकी म्हणाली. त्यात तो असेलही आणि नसेलही.

बुधवारी तिघं छापखान्यात गेली. रावजीशी काशीकाकीचं रात्री काय बोलणं झालं ते मनस्वीला कळलं नाही. त्याने तिकीट रद्द केलं होतं आणि तो मनस्वीशी नेहमीपेक्षा मऊ आवाजात बोलला, एवढंच तिला दिसलं. मनस्वीची त्याच्याकडे माफी मागायची राहिली होती. ती तिने बाजाराच्या रस्त्यावर, रिक्षाच्या आवाजात मागितली. रावजी म्हणाला, मना ऐकू आला न्हाय, आणि पुढे चालू लागला.

छापखाना विनोदचा. लांज्यातल्या अर्ध्या लग्नांची नावं त्याच्या कॉम्प्युटरमधून गेलेली. चिरंजीव, चिरंजीवी सौभाग्यकांक्षिणी, आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं, हा मजकूर त्याच्याकडे तयारच असतो, फक्त नावं बदलायची. त्याने अजिंक्यची पत्रिका पडद्यावर लावली आणि कर्सर महिपतच्या नावापुढे नेऊन ठेवला. हे दोन दिवस तुमच्यासाठी अडवून ठेवलं आहे, म्हणाला, आता सांगा. 'श्री.' की 'कै.'?

रावजी काशीकाकीकडे बघू लागला. मनस्वी पडद्याकडे. नावापुढची रेघ लुकलुकत होती.

"कायच नको," काशीकाकी म्हणाली. "नुसता नाव घाल."

विनोदला वाटलं, हिला कळलं नाही. त्याने समजावून सांगितलं की तसं करत नाहीत. मामांना 'श्री.' आहे, काकांना आहे, निमंत्रकांना आहे. मधेच एक नाव बोडकं राहिलं तर लोकांना वाटेल छापणाऱ्याने खाल्लं. काकी, अपुरं दिसेल ते.

"अपुराच हाय," काशीकाकी म्हणाली.

विनोद रावजीकडे वळला. घरचा मोठा तो. रावजीने दोन्ही हात काठीवर ठेवले होते. तो म्हणाला, ती सांगते तसं कर. विनोदने मान हलवली, ते नाव तसंच ठेवलं आणि खाली काशीकाकीच्या नावावर आला. तिथेही रेघ लुकलुकायला लागली. नवरा असेल तर 'सौ.', नसेल तर 'श्रीमती'. हे त्याने तोंडाने विचारलं नाही. त्याची बोटं तशीच वर राहिली आणि तो काशीकाकीच्या कपाळाकडे बघत थांबला.

मनस्वीला वाटलं, आता ही बाई कोसळेल. काशीकाकीने खुर्ची पुढे ओढली आणि पडद्याला जवळजवळ नाक लावून आपलं नाव शोधलं. तिला वाचायला वेळ लागतो. सापडलं तेव्हा तिने त्यावर बोट टेकवलं.

"ह्येबी तसाच ठेव," ती म्हणाली. "त्येच्या शेजारी."

विनोदने दोन्ही नावं एका ओळीत आणली.